मधली दोन वर्षं

परदेशात एमएससाठी अर्ज भरताना मी एका रकान्यापाशी अडकलो. बारावीनंतर जिथे जिथे प्रवेश घेतला त्या सगळ्या संस्थांची नावं आणि प्रत्येकीची ट्रान्स्क्रिप्ट मागितली होती. पदवी मिळालेली असो वा नसो.

माझ्याकडे बीएससी स्टॅटिस्टिक्सचा ८.७ सीजीपीए होता. आणि त्याआधीची इंजिनिअरिंगची दोन वर्षं होती. पहिल्या वर्षी एम-वन, मेकॅनिक्स, ग्राफिक्स धरून सहा विषय राहिले, वायडी लागला. पुढच्या वर्षीही सगळे निघाले नाहीत, तेव्हा कॉलेजला रामराम ठोकला.

कन्सल्टन्सीतला माणूस म्हणाला, "ते कशाला दाखवतोस? गॅप म्हणून टाक. वडील आजारी होते असं लिही. कोण बघायला येतंय?"

वडील ठणठणीत होते. त्या दोन वर्षांची फी त्यांनीच भरली होती.

तरी मोह झाला. मी स्वतःला समजावत होतो की रात्री तीनपर्यंत गेम खेळून सकाळची लेक्चर्स बुडवणारा तो अठरा वर्षांचा पोरगा आता उरलेलाच नाही. मग त्याचे मार्क माझ्या गळ्यात का?

हा प्रश्न जुना आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ साली, यावर एक अख्खं प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं असं की 'व्यक्ती' हा मुळात न्यायनिवाड्याचा शब्द आहे. कोणती कृत्यं कोणाच्या नावावर मांडायची, हे ठरवण्यासाठी तो लागतो. आणि नावावर दोष मांडला जातो, तसं श्रेयही.

इथेच माझी पळवाट बंद झाली. कारण एसओपीत मी अभिमानाने लिहिलं होतं की मी स्वतःला बदललं. पण तो पोरगा मी नसेनच, तर बदललं कोण? मग एक नापास झालेला मुलगा आहे आणि एक हुशार मुलगा आहे, सुधारलेला कोणीच नाही. चढण माझी म्हणायची असेल, तर पायथाही माझाच म्हणावा लागेल.

याचा अर्थ सगळ्यांना सगळं सांगत सुटावं असा नाही. नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपला माझ्या केट्या जाणून घेण्याचा काही हक्क नाही. तिथे गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण या अर्जात थेट विचारलं होतं, आणि शेवटी 'दिलेली माहिती पूर्ण आहे' यावर माझी सही होती. तिथे गप्प राहणं म्हणजे 'नरो वा कुंजरो वा'. शिवाय त्याच रांगेत कोणीतरी आपली लाल शेऱ्यांची मार्कशीट निमूट जोडून उभं असणार. मी लपवलं, तर माझा पहिला अन्याय त्याच्यावर.

पण खरं सांगायचं ठरवल्यावर दुसरा मोह आला, अपयशाची सुंदर गोष्ट करण्याचा. अंधार, संघर्ष, मग साक्षात्कार. पहिल्या मसुद्यात मी तेच केलं होतं. प्रत्यक्षात साक्षात्कार वगैरे काही झाला नव्हता. मला ती शाखा नको होती, ते घरी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी अभ्यासच सोडला. शेवटी एवढंच लिहिलं, तीन ओळींत. पुढे बीएससीचे मार्क होतेच.

काही विद्यापीठं शेवटच्या दोन वर्षांचे गुण वेगळे पाहतात, असं मित्रांनी धीर द्यायला सांगितलं. खरंही आहे. पण प्रामाणिकपणा फायद्याचा ठरतोच, असं म्हणून हा लेख संपवणं पुन्हा तीच सुंदर गोष्ट होईल. मला आतापर्यंत तीन नकार आले आहेत. त्यातले किती त्या जुन्या मार्कशीटमुळे, ते कधीच कळणार नाही.

अर्ज पाठवण्याआधी बाबांना वाचायला दिला. त्या तीन ओळींशी ते जरा थांबले आणि म्हणाले, "हे तेव्हाच सांगायचंस की."