सेवाग्रामने संसद नाकारली नव्हती

अधिवेशन चर्चेविना गुंडाळले गेले, विधेयके गोंधळात मंजूर झाली, की समर्थनाला हल्ली गांधीजींना पुढे केले जाते. संसदेला ते तरी कुठे मानत होते, असा सवाल येतो. वर्ध्यात हे ऐकताना जास्तच खटकते, कारण याच मातीत त्याचे उत्तर आहे.

मॅग्ना कार्टा, राजा चार्ल्सचा शिरच्छेद, १६८८ची क्रांती हा राजाची सत्ता आटत गेल्याचा क्रम वाचकांना ठाऊक आहे. इंग्लंडात राजा उरला, सत्ता सभागृहाकडे गेली. नामदार गोखल्यांच्या पिढीपुढे हाच नमुना होता.

१९०९मध्ये ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन गांधीजी लंडनला गेले, महिनोन्‌महिने खेटे घालून रिकाम्या हाती परतले. परतीच्या जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिले गेले. पार्लमेंटवरचे त्यातले कठोर शब्द पुष्कळांना पाठ असतात, तक्रार मात्र कुणी सांगत नाही. सभासद विचार न करता पक्षाला मत देतात, महत्त्वाच्या चर्चेत डुलक्या घेतात, पंतप्रधानाला सभागृहापेक्षा स्वतःच्या सत्तेची चिंता असते, ही ती तक्रार. सभागृह नकोच म्हणणारा माणूस सभासदांच्या डुलक्या कशाला मोजेल? १९२१मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी स्वच्छ लिहिले, की आपले सार्वजनिक कार्य लोकांच्या इच्छेप्रमाणे संसदीय स्वराज्यासाठीच आहे.

खरी कसोटी १९३८ साली लागली. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी प्रजेला राज्यकारभार सोपवायला निघाले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन गांधीजींच्या सल्ल्यासाठी वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले. राजा, मंत्री आणि विधिमंडळ असलेल्या राज्याची घटना गांधीजींच्या हाती आली. त्यांनी विधिमंडळ काढून टाकले नाही, त्याचा पाया गावात नेला. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, तिच्यातून विधिमंडळात माणसे. जानेवारी १९३९मध्ये ही घटना लागू झाली. बहात्तर गावांचे एवढेसे संस्थान, पण १९०९च्या तक्रारीवर गांधीजींनी काढलेला उपाय इथे कागदावर उतरलेला दिसतो: सभासदाने पक्षाच्या कार्यालयाला नव्हे, त्याला ओळखणाऱ्या गावाला जाब द्यावा.

गावातली जात आणि दंडेली या रचनेतून सुटत नव्हती. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८मध्ये घटना समितीत खेड्यांवर केलेली टीका मला मान्य आहे. औंधसारख्या टप्प्याटप्प्याच्या निवडीसाठी थेट मतदानाचा हक्क सोडण्याचे कारण नाही. औंध तर त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले होते.

पण १९०९ची ती जुनी तक्रार? १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्ष सांगेल तसे मत देणे आता सक्तीचे झाले आहे. गांधीजींचे नाव घ्यायचेच असेल, तर विश्वासमताखेरीज इतर मतदानात ही सक्ती उठवा, या मागणीसाठी घ्या. आपल्या खासदाराला तेवढे पत्र लिहा.