पोथी दुसऱ्यांदा वाचताना

आजचे चिंतन : श्रीगजानन विजय ग्रंथ, अध्याय ५



साप्ताहिक पारायणाचा आज दुसरा दिवस, म्हणजे अध्याय चार ते सहा. त्यातल्या पाचव्या अध्यायातल्या भास्कर पाटलापाशी आज थोडं थांबू.

कथा सर्वांना पाठ आहे. अकोटजवळचं अकोली. दुपारचं ऊन, भास्कर शेतात राबतोय. महाराज येतात आणि प्यायला पाणी मागतात. जवळपास पाण्याचा थेंब नाही, म्हणून भास्करानं गावातून घागर डोक्यावर वाहून आणलेली. तो महाराजांना पाणी तर देत नाहीच, वर धडधाकट असून ऐतखाऊ फिरतोस म्हणून चार शब्द सुनावतो. महाराज मुकाट्यानं कोरड्या विहिरीकडे जातात, विहिरीला पाणी लागतं, आणि भास्कर पायांवर लोळण घेतो.

पहिल्यांदा पोथी वाचणाऱ्याला हा माणूस कसा दिसतो? कंजूस, तोंडाळ. तहानलेल्याला पाणी नाकारणारा. आपण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो.

पण पारायण म्हणजे पुन्हा वाचणं. दुसऱ्या वेळेला आपल्याला अकरावा अध्यायही माहीत असतो. हाच भास्कर पुढं महाराजांच्या सावलीसारखा राहतो, त्र्यंबकेश्वरापर्यंत सोबत जातो, अडगावला महाराजांच्या सान्निध्यात देह ठेवतो. हे ठाऊक असलं की तीच घागर वेगळी दिसायला लागते. ते पाणी फुकटचं नव्हतं, मानेवर वाहून आणलेलं होतं. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहिलेल्या आपल्या भागातल्या बायाबापड्यांना हे समजावून सांगायला नको. भास्कराचे शब्द चुकलेच, पण त्यांत कष्टाचा त्रागा होता. पहिल्या वाचनात तो ऐकूच आला नव्हता. पोथीतलं अक्षरही बदललेलं नाही. फक्त आपल्याला पुढचं माहीत झालंय.

हे मला फार ठळकपणे कळलं ते टीव्हीपुढं बसून. हसू नका. मार्च २०२० च्या अखेरीस सगळं बंद झालं, तेव्हा दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा सुरू केलं आणि त्याच दिवसांत जुनी ‘ब्योमकेश बक्षी’ सुद्धा. बासू चटर्जींची १९९३ ची मालिका, रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि आपली सुकन्या कुलकर्णी सत्यवती. अमडापुरातही त्या दिवसांत घराघरांत रामायणामागोमाग तीच लागायची.

पहिल्याच भागात कलकत्त्याची एक मेस आहे. ती चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर मोठा सालस, सगळ्यांशी आपुलकीनं बोलणारा. तिथं अतुल नावाचा एक अनोळखी तरुण राहायला येतो. मेसमध्ये खून होतो. पहिल्यांदा पाहणारा संशय घेतो तो त्या नव्या पोरावर. शेवटी कळतं की अतुल म्हणजेच ब्योमकेश, आणि खुनी तो गोड डॉक्टर. कोकेनच्या चोरट्या धंद्यावर त्यानं मेसचा पडदा टाकलेला.

दुसऱ्यांदा पाहताना तोच डॉक्टर, तीच वाक्यं. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, “याचं गोड बोलणं आता ऐकवत नाई बाप्पा!” आणि ज्या पोराचं गप्प राहणं आधी खटकत होतं, तो आता आपला वाटतो.

आपल्या ‘रात्रीस खेळ चाले’चंही तसंच. २०१६ मध्ये मालिका सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मरणानं. २०१९ च्या दुसऱ्या भागात काळ मागं नेऊन जिवंत अण्णा दाखवले, शेवंता दाखवली. त्या घरात माईनं काय काय गिळलं ते पाहिल्यावर पहिल्या भागातली तिची आसवं कोण साधी समजेल?

तर मंडळी, पुन्हा पाहण्यानं दोन्ही गोष्टी होतात. डॉक्टरचा मुखवटा गळतो, आणि भास्कराच्या कठोरपणामागचा माणूस दिसतो. म्हणून फक्त “सगळ्यांना चांगलं म्हणा” एवढं सांगून मला थांबता येत नाही.

मागच्या पारायणानंतर एका तरुणानं हाच प्रश्न केला. त्याचे सोयाबीनचे पैसे एकानं बुडवले होते. “तो पण त्या डॉक्टरवानीच गोड बोले. मग त्यालेही भास्कर समजून सोडून देऊ का? का आता कोनावरच भरोसा ठेवू नोको?” घरात बहिणीचं लग्न ठरलेलं आणि हा माणूस रात्र रात्र जागा. त्याला कोरडा उपदेश करून काय उपयोग?

मला वाटतं, उत्तर ब्योमकेशच्या एका सवयीत आहे. तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो, सत्य शोधणारा. संशय आणि शोध यांत फरक आहे. संशय आधी निकाल देतो आणि मग पुरावा हुडकतो. शोध डोळे उघडे ठेवून थांबतो. त्या तरुणाला मी म्हटलं, तुझ्याजवळ पावत्या आहेत, वजनाच्या चिठ्ठ्या आहेत, त्या घेऊन रीतसर तक्रार कर. हक्काचे पैसे मागणं म्हणजे द्वेष नव्हे. पण एकानं फसवलं म्हणून उद्या दारात येणाऱ्या दहा जणांच्या कपाळावर त्याचं नाव लिहू नकोस. आणि त्या माणसाचाही शेवटचा अध्याय तू लिहू नकोस. तो लिहिणारा वेगळा आहे.

आता पोथीत अजून एक जागा आहे, तिसऱ्या वाचनात सापडणारी. दहावा अध्याय काढा. बाळाभाऊ नोकरी, घरदार सोडून महाराजांपाशी येऊन राहतो. त्याच्याविषयी कुरकुर कोण करतं? भास्करच! हा पेढेबर्फीसाठी इथं पडून राहतो, याला हाकला, असं त्याचं म्हणणं. महाराज बाळाभाऊला छत्रीनं मारतात. बाळाभाऊ हूं की चूं करत नाही, जागचा हलत नाही. तेव्हा भास्कर खजील होतो.

बघा गंमत. ज्याला स्वतः ऐतखाऊ म्हटलं, त्याच महाराजांनी भास्कराला पदरात घेतलं. आणि तोच भास्कर दुसऱ्या भक्ताला तसाच आरोप लावतो. घागरीपाशी एकदा चुकलेला माणूस गुरूच्या दारात पुन्हा तिथंच चुकतो. आणि पुढं ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीला महाराज समाधिस्थ झाले, तेव्हा त्यांनी हात धरून आपल्या आसनावर बसवलं ते याच बाळाभाऊला.

म्हणजे भक्त झाला म्हणून माणूस एका दिवसात पुरा होत नाही. आणि आपला निकाल पहिल्या वाचनात चुकू शकतो, तसा दुसऱ्यातही चुकू शकतो. पहिल्यांदा आपण भास्कराला कंजूस म्हटलं, दुसऱ्यांदा संत करून टाकलं. दोन्ही वेळेला घाई. महाराजांनी मात्र यातलं काही केलं नाही. पाणी नाकारलं तेव्हा शाप दिला नाही, आणि भक्त झाला म्हणून त्याच्या कानगोष्टीला खरंही मानलं नाही. त्यांना सगळे एकवीस अध्याय आधीच ठाऊक होते. आपल्याला नाहीत.

आणि खऱ्या आयुष्याचं पुनःप्रसारण होत नाही. वाटणीवरून बोलणं सोडलेला भाऊ, टोचून बोलणारी सासू, उत्तर न देणारा पोरगा, यांचा शेवट आपण पाहून ठेवलेला नाही. पण थांबता तर येतं. आज रात्री पाचवा अध्याय वाचताना असा एकच माणूस डोळ्यांपुढं आणा. तो चांगला आहे असं मानायची सक्ती नाही. त्यानं आपल्याला नाकारलं त्या दिवशी त्याच्या डोक्यावर कोणती घागर होती, एवढंच स्वतःला विचारा. माहीत असेल तर बरं. माहीत नसेल, तर उद्या जाऊन विचारता येईल.

उद्या सातवा अध्याय. तिथं पाटलांची उसवाली पोरं भेटतील. त्यांनाही पहिल्या ओवीत पकडू नका.

जय गजानन.