व्रत आणि ताट

खिम्याच्या टिक्क्या रसदार होण्याचे गमक साधे आहे. मांसात पाचवा हिस्सा तरी चरबी असावी. खिमा फार मळू नये. मीठ शेवटी, तव्यावर टाकताना लावावे, कारण ते आधी कालवले तर टिक्की घट्ट व चिवट होते. आणि उलथण्याने ती दाबू नये, रस निघून जातो. गोव्यातली ख्रिस्ती गृहिणी गोमांसाचे क्रोकेट उजळ माथ्याने करते. महाराष्ट्रात तोच खटाटोप करायचा तर म्हशीचे मांस आणावे लागते. गाईच्या कत्तलीला येथे १९७६ च्या कायद्याने बंदी झाली; २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले, व शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची झाली.

आता प्रश्न असा, की माझ्या श्रद्धेने दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जावे काय?

आमच्या वर्धा जिल्ह्याने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. सेवाग्रामच्या गांधीजींनी गाईची सेवा हे आपले व्रत मानले. तरी जुलै १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांनी सक्तीच्या गोवधबंदीला नकार दिला. पवनारच्या विनोबांनी १९७९ च्या एप्रिलमध्ये देशभर बंदी व्हावी म्हणून उपोषण केले. दोघांच्याही निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

मला पहिले उत्तर अधिक पटते. व्रत हे घेणाऱ्याला बांधते, हीच त्याची थोरवी. जमनालालजी बजाज आयुष्याच्या अखेरीस गोपुरीच्या झोपडीत राहून गाईंची सेवा करू लागले. नालवाडीच्या चर्मालयात मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे काम प्रतिष्ठेचे मानले गेले. भार आपल्या खांद्यावर घेतला, शेजाऱ्याच्या ताटावर नव्हे. उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. दलितांच्या घरी रसदार टिक्की कोठली? मिळेल ते मांस उन्हात वाळवून केलेल्या चान्या, हाच त्यांचा साठा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडण्यास सांगितले, आणि लोकांनी ते सोडले. तोही त्याग पोलिसाने करविलेला नव्हता. स्वाभिमानाने केलेला होता.

यावर कोणी म्हणेल, जीव जातो तो जनावराचा. ही केवळ खाणाऱ्याची आवड-निवड कशी? आक्षेप खरा आहे, आणि तो टाळता येत नाही. परंतु करुणेचाच कायदा असता तर त्याने म्हशीला आणि बोकडालाही जवळ केले असते. सुरी त्यांनाही लागतेच. तेव्हा हा कायदा करुणेचा नव्हे, आदराचा आहे. आणि आदर कैदेच्या धाकाने उत्पन्न होत नाही. शिवाय त्याचा खर्च कोण देतो? पोळ्याला ज्याने बैलाच्या शिंगांना रंग लावला, त्याच कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला तो म्हातारा बैल उभा असतो. उन्हाळ्यात कडबा संपतो, तेव्हा गोभक्तीची भाषणे त्याच्या गव्हाणीत पडत नाहीत.

ज्याला गाय पूज्य आहे, त्याने त्या शेतकऱ्याकडून थकलेला बैल पदरचे पैसे देऊन घ्यावा आणि मरेपर्यंत पोसावा. मग शेजाऱ्याला मांस सोडण्याची विनंती करण्याचा अधिकार त्याला जरूर पोहोचतो. विनंतीचा, आज्ञेचा नव्हे.