राखेचा विटाळ

2022 च्या पावसाळ्यात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखाडी गाळ नाल्यांत, शेतांत पसरला. त्या शेतकऱ्यांसाठी राख म्हणजे निव्वळ घाण होती. पण हीच कोळशाची राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही तास तापवली, की तिच्यातल्या सिलिका आणि ॲल्युमिनापासून झिओलाइट तयार होते. त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत सोडियम बसलेले असते. सांडपाण्यातले शिसे तिथे आले, की सोडियम जागा सोडून पाण्यात उतरते आणि शिसे अडकून पडते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेत या झिओलाइटवर संशोधन झाले आहे. फेकून दिलेली संत्र्याची सालही तिच्यातल्या पेक्टिनमुळे जड धातू धरून ठेवते.

नागपूरजवळच्या हिंगण्याला हे दूरचे वाटू नये. गावाला वेणा नदी आहे, शेजारी एमआयडीसी आहे आणि तिथले सांडपाणी अंबाझरी तलावात उतरते, ही तक्रार जुनी आहे.

मग राख शुद्ध की अशुद्ध?

महाराष्ट्रात शुद्ध-अशुद्धाचा वाद पाण्याच्याच काठावर झाला आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. पाण्यात वाईट असे काहीच मिसळले नव्हते. विटाळ माणसांच्या जन्माला चिकटवलेला होता.

1956 साली बाबासाहेबांनी नागपुरात जो बौद्ध धम्म स्वीकारला, त्यात कोणत्याही वस्तूला कायमचा स्वभाव नाही. ती कारणांनी घडते आणि कारणे बदलली की बदलते. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या धुऊन, शिवून, रंगवून भिक्षू चीवर करत, त्यामागेही हीच दृष्टी दिसते. राखेलाही जन्मजात विटाळ नाही आणि जन्मजात पावित्र्यही नाही.

मात्र त्याच धम्मात कर्माचे फळ टळत नाही. झिओलाइटने धरलेले शिसे नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. भरलेले झिओलाइट दाट मिठाच्या पाण्याने धुतले, तर शिसे त्या पाण्यात येते. उघड्यावर टाकले, तर पावसात झिरपू शकते. पाणी स्वच्छ निघाले म्हणून ते मळवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. बुटीबोरीत घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आहे. वापरलेला माल तिथवर बंदिस्त, नोंद करून पोहोचवणे हेही शुद्धीतच मोडते.

आणि तो माल हाताळणार कोण? आपल्याकडे घाण उपसण्याचे काम जातीनेच वाटून दिले. हिंगण्यात उद्या अशी यंत्रणा बसली, तर बाहेर पडलेल्या पाण्याच्या तपासणीइतकीच आणखी एक तपासणी व्हायला हवी: भरलेली पोती उचलणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का, तोंडावर मास्क आहे का, आणि त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे की कुठल्याशा ठेकेदाराच्या वहीत?