आवर कोणी घालायचा?

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर दर्याला नारळ द्यायचा आणि मगच होडी पाण्यात लोटायची, हा किनाऱ्याचा जुना शिरस्ता. पावसाळी मासेमारीबंदी पूर्वी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतले जे आधी येईल तोवर असे. आता ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची आहे आणि पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते. मधले दिवस कायद्याने मोकळे, रूढीने बंद. त्या दिवसांत समुद्रात जाणाऱ्या तरुणाला कशाची चाड उरली नाही, अशी खंत जुनी पिढी बोलून दाखवते. माझे म्हणणे वेगळे आहे. संयम हे मूल्य असेल, तर त्याची खरी परीक्षा नव्या पिढीसमोर आहे. वल्ह्याच्या होडीवर जगलेल्या पिढीला ती द्यावीच लागली नव्हती.

रापणीचे उदाहरण घ्या. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, दोन्ही दोर माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे आणि ओढणाऱ्यांनी मासळी वाटून घ्यायची. ही रीत किनाऱ्याजवळ आलेल्या बांगड्या-पेडव्यांवर जगते. खोल पाण्यातल्या थव्यापर्यंत तिचा दोर पोचत नाही. आषाढातल्या लाटांत वल्ह्याची होडी टिकत नसे, म्हणून ती किनाऱ्यावर ओढून ठेवली जाई, आणि कितीतरी माशांना विणीचा काळ निर्धास्त मिळे. परिणाम मोलाचा होता, पण आवर समुद्राने घातलेला होता. जे करताच येत नव्हते, ते न केल्याचे पुण्य कोणाच्या पदरात घालायचे? पतंजलीने योगसूत्रांत अस्तेय (चोरी न करणे) आणि अपरिग्रह (साठा न करणे) यांची गणना यमांत केली. यम म्हणजे नियमन, स्वतःला घातलेला आवर. हात पोचत असताना जो मागे घेतला जातो, त्यालाच हे नाव शोभते.

आज हात पोचतो. इंजिन आहे, नायलॉनचे जाळे आहे, पर्ससीन नावाचे प्रचंड जाळे अख्ख्या थव्याला वेढा घालते, रात्री प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करता येते. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली; समुद्राचा पहारा सैल झाल्यावर माणसाला स्वतःचा पहारा बसवावा लागला. ही साधने एकट्या तरुणांनी आणलेली नाहीत. यांत्रिकीकरण त्यांच्या आधीच, सरकारी योजनांच्या आधाराने सुरू झाले. पर्ससीनविरुद्ध लढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांत तरुणही आहेत. तेव्हा या वादातली रेघ वयाची नव्हे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना एकट्याने हात आखडला, तर मासळी वाचत नाही, ती शेजारच्या नौकेत जाते. खरे आहे, एकट्याचा संयम इथे पुरत नाही. पण राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की सामाईक संपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम ठरवतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, तेव्हा ती टिकू शकते. म्हणजे तरुणाला नियम ऐकवून भागत नाही, तो ठरवणाऱ्यांत त्याला बसवावे लागते. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: आवराच्या नावाखाली साऱ्याच रूढी जपायच्या का? नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसण्याच्या आणि बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला. त्या प्रथेत पाळणारी एक आणि पाळायला लावणारे दुसरेच होते. स्वतःला घातलेला आवर हे मूल्य. दुबळ्याला घातलेला आवर ही निव्वळ सत्ता. परंपरेतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, ते याच कसोटीवर ठरावे.

म्हणून वडीलधाऱ्यांनी दर्याच्या कोपाची भीती घालण्यापेक्षा विणीच्या काळाचे कारण सांगावे, आणि नियम आधी स्वतःच्या नौकेला लावावा. इंजिन तयार आहे, कायद्याची मुभा आहे, आणि तरीही १ ऑगस्टला समजून-उमजून नौका बंदरात ठेवणारा तरुण नारळाची वाट पाहतो, तेव्हा तो आजोबांची रूढी नुसती पाळत नाही. आजोबांना जे निवडण्याची वेळच आली नव्हती, ते तो निवडतो. शिरस्त्याचे मूल्य होते ते त्याच्या हातून.