आधी खांदा, मग झूल

गाडीची चाके चमकत असली की मालक मोठा दक्ष असणार, असे आपण धरून चालतो. हा समज एकदा तपासून पाहायला हवा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांना अजून पोलादाच्याच डिस्क असतात. पण जीप, पिकअप आणि काही मोठ्या गाड्यांवरही आता ॲल्युमिनियमची चाके दिसू लागली आहेत. तिरोडा तालुक्यातले चोरखमारा नागझिरा अभयारण्याच्या वेशीवरचे गाव. तिथे बाहेरगावच्या गाड्यांचे अप्रूप राहिलेले नाही. त्या पाहून आपल्याही गाडीचे चाक तसेच लखलखावे असे कुणा तरुणाला वाटले, तर त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की ही चमक कशाच्या आधी आणि कोणाच्या जिवावर आणायची?

झाडीपट्टीत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. जू घासून दुखावलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. शिंगांना रंग, गोंडे, झूल हे सगळे दुसऱ्या दिवशी. खांदा सुजलेल्या बैलावर झूल चढवून त्याला तोरणाखाली उभा करणाऱ्याला सारा गाव नावे ठेवतो. बैलाच्या जागी इंजिन आले आणि आपण हा क्रमच विसरलो. दसऱ्याला बंपरला झेंडूचा हार पडतो, चाकाला हळदकुंकू लागते, पण त्या चाकाचे नट शेवटचे कधी तपासले, हे सांगता येत नाही.

चाकाचा खांदा म्हणजे त्याचे नट, हबला टेकणारी त्याची बाजू आणि रिमची कड. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला असण्याची शंका घ्यावी. रिमला भेग असेल तर कितीही पॉलिश केले तरी ती बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि न दिसणारी भेग जास्त घातक. हबला टेकणाऱ्या बाजूवर आणि नटांच्या बैठकीवर मेण किंवा रंग चढवला तर पकड सैल होऊ शकते. चाक काढून बसवले की नट समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीने सांगितलेल्या ताकदीने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत. एवढे झाल्यावर मग चमकेचे बघावे.

मी घरी पॉलिश करण्याच्या बाजूचा आहे. जो स्वतःच्या हाताने चाक घासतो, त्याच्या बोटाला भेग लागते, खड्डा लागतो, वाकलेली कड कळते. पण आपल्याला घाई असते, आणि घाईचा उपाय म्हणून बाजारातून ॲसिड येते. ॲल्युमिनियमचा स्वभाव इथे समजून घ्यावा. हवेत या धातूवर आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो. तीव्र ॲसिड हा थर खाते, तसाच कॉस्टिक सोडाही खातो. चाक क्षणभर उजळते, मग पांढुरके आणि डागाळ होते. चाके झटपट उजळवणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते कातडीतून आत शिरते, शरीरातल्या कॅल्शियमला धरते, आणि सौम्य द्रावण असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होते. अशा द्रावणाचा मग्गा आपण क्लीनर म्हणून ठेवलेल्या पोराच्या उघड्या हातात देतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामाला लावणे 2016 च्या दुरुस्तीनंतर सरळ गुन्हा आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलालाही धोक्याच्या कामाला लावता येत नाही. मालकाच्या दिमाखासाठी पोराची बोटे जळत असतील, तर तो दिमाख लाजिरवाणा आहे.

खरी रीत संथ आहे. चाक थंड झाल्यावर सौम्य साबणाने धुवावे. त्यावर लॅकरचा थर असेल तर घासूच नये, कारण घासल्याने तो थरच जातो. उघडा धातू असेल तर ओला वॉटर पेपर आधी चारशे नंबरचा, मग सहाशे, आठशे, हजार अशा चढत्या क्रमाने फिरवावा. शेवटी पॉलिश आणि मऊ कापड. कापड काळे पडते ते धातूमुळेच. कोरडे ग्राइंडिंग टाळावे, कारण ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते. हातमोजे, चष्मा आणि मास्क लावायलाच हवेत. मग चाक धुऊन, पुसून मेण किंवा सीलंट लावावे. पुढे वेळच्या वेळी साध्या साबणपाण्याने धुतले की पुरे.

आता पाण्याचा हिशेब. तळ्यात किंवा नहरात गाडी उतरवून धुण्याची खोड गावोगाव आहे. चोरखमाऱ्याचा तलाव 1923 चा. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाळ घातली ती धानाला पाणी मिळावे म्हणून, आपले तेल, ॲसिड आणि ब्रेकची काळी धूळ रिचवायला नव्हे. जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा 1974 पासून आहे, पण कायद्याचा धाक कशाला हवा? गाडगेबाबा आयुष्यभर झाडू घेऊन दुसऱ्यांचे रस्ते झाडत राहिले. आपण आपले चाक स्वच्छ करून घाण दुसऱ्याच्या पाण्यात सोडतो, आणि याला स्वच्छता म्हणतो.

आणि हा धातू फुकट येत नाही. खाणीतल्या बॉक्साइटपासून एक किलो ॲल्युमिनियम मिळवताना केवळ वितळवण्याच्या भट्टीत साधारण 14 युनिट वीज जाते. वीस किलोच्या चाकामागे जवळपास तीनशे युनिट झाली. तिरोड्याला 3,300 मेगावॉटचे कोळशावरचे केंद्र आहे. विजेपायी किती कोळसा जळतो आणि किती राख उरते, हे या तालुक्याला वेगळे सांगायला नको. म्हणून चाक टिकवणे हे कर्तव्यच आहे. निकामी झालेले चाकही उकिरड्यावर न टाकता भंगारात द्यावे. त्यापासून पुन्हा धातू करायला मूळच्या ऊर्जेचा साधारण विसावा हिस्सा पुरतो.

गाडीवाल्या मित्रांनो, येत्या खंडेनवमीला हार आणण्याआधी पाना हाती घ्या आणि प्रत्येक नट तपासा. ॲसिडची बाटली घरात आणू नका, पोराच्या हाती तर मुळीच देऊ नका. गाडी तळ्यापासून लांब, बादलीच्या पाण्याने धुवा. एवढे करून चाक चमकले, तर ती चमक खुशाल मिरवा.