संयमाचे मोल कोण देतो?

विजयी संघाच्या पाठीशी उभे राहण्यास कोणत्याही विशेष गुणाची आवश्यकता नसते. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो हरणाऱ्या संघापाशी. एकामागून एक सामने जात असताना प्रशिक्षकावर विश्वास किती काळ ठेवावा? ‘जरा धीर धरा’ आणि ‘आता पुरे झाले’ ही दोन उत्तरे आपल्याकडे तयारच असतात. परंतु बहुधा ती बोलणाऱ्याच्या स्वभावातून येतात, विचारातून नव्हे.

सौंसर-पांढुर्ण्याकडील आम्हा मराठी कुटुंबांचे मन क्रिकेटच्या बाबतीत दोन घरी नांदते. राज्य मध्य प्रदेशाचे, तर ओढ नागपूरची. त्यामुळे चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द आम्हाला दोन्ही बाजूंनी पाहता आली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने 2015-16 चा रणजी करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात, जानेवारी 2017 मध्ये, इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि त्याच वर्षी मुंबईने त्यांच्या जागी नवा प्रशिक्षक नेमला. पंडित विदर्भाकडे आले. 1 जानेवारी 2018 रोजी त्याच मैदानावर दिल्लीला हरवून विदर्भाने आपला पहिला रणजी करंडक उचलला. पुढच्या वर्षी दुसराही.

2020 मध्ये ते मध्य प्रदेशाकडे गेले. आरंभ मोठा कटू होता. महामारीमुळे 2020-21 ची रणजी स्पर्धाच झाली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये विजय हजारे करंडकात झारखंडने इंदुरातच 422 धावा केल्या आणि मध्य प्रदेशाचा डाव 98 धावांत आटोपला. घरच्या मैदानावर 324 धावांनी हार! त्या संध्याकाळी कोणी प्रशिक्षक बदलण्याची मागणी केली असती, तर तिला अविचार म्हणणे कठीण होते. तरीही काम चालू राहिले आणि 26 जून 2022 रोजी बंगळूरला मुंबईवर सहा गडी राखून मध्य प्रदेशाने पहिला रणजी करंडक मिळवला. याच मैदानावर 1999 मध्ये पंडित यांच्याच नेतृत्वाखाली, पहिल्या डावात आघाडी घेऊनही, मध्य प्रदेश अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हरला होता.

या हकिकतीतून ‘धीराचे फळ गोड’ एवढेच तात्पर्य काढणे सोपे आहे; पण ते पुरेसे नाही. ज्या मुंबईने त्यांना सोडले तिने 2024 मध्ये विदर्भालाच हरवून पुन्हा करंडक मिळवला. पंडित यांच्या प्रशिक्षणाखालील कोलकाता संघ आयपीएलमध्ये 2023 ला सातवा, 2024 ला विजेता आणि 2025 ला आठवा आला. त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. माणूस तोच, फळे निराळी. तेव्हा निकालावरून संयमाचे समर्थन करणे हे निकालावरून उतावीळपणाचे समर्थन करण्याइतकेच कच्चे ठरते.

मग कसोटी कोणती? आमच्या भागातील संत्र्याच्या बागायतदाराला ती ठाऊक आहे. आंबिया बहारासाठी तो झाडांचे पाणी तोडतो, बागेला ताण देतो. पाने मलूल होतात, गळतात. वाटेने जाणाऱ्याला बाग वाळत चालल्यासारखी दिसते. पण बागायतदार या दिवसांत स्वस्थ बसलेला नसतो. तो रोज पाने पाहतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. म्हणून शेजाऱ्याच्या बागेचे दिवस तो आपल्या बागेला लावत नाही. ताण अपुरा राहिला तर बहार फुटत नाही, फार लांबला तर झाडच जाते. खरा संयम असा डोळस असतो. प्रशिक्षकाबाबतही गुणफलकापलीकडे काय चालले आहे ते पाहावे लागते: नव्या मुलांना संधी मिळते आहे का, काल झालेली चूक आज सुधारली जाते आहे का, खेळाडू हरल्यावरही त्याचे ऐकतात का.

याहून गंभीर प्रश्न आहे तो संयमाचे मोल कोण देतो हा. प्रेक्षकाला धीर स्वस्त पडतो. हा हंगाम गेला तर पुढचा आहेच. खेळाडूजवळ मात्र मोजकी वर्षे असतात. 1999 चा पराभूत कर्णधार तेवीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून करंडकापर्यंत पोहोचला. त्याच्याबरोबर त्या दिवशी मैदानात हरलेल्यांचे खेळण्याचे दिवस तोवर सरले होते. काळाने त्याला जे परत दिले, ते त्यांना दिले नाही. म्हणून आपल्या गावच्या शाळेचा खो-खोचा संघ असो की राज्याचा क्रिकेट संघ, ‘थांबू या’ म्हणताना आपण दुसऱ्याच्या वयातील वर्षे खर्च करीत असतो, आणि ‘काढून टाका’ म्हणताना दुसऱ्याने अर्धे उभारलेले काम मोडीत असतो.

दोन्हीपैकी कोणताही सल्ला फुकट नाही. तो देण्याचा अधिकार नुसत्या निष्ठेने मिळत नाही, आणि संतापाने तर मुळीच नाही. संघ हरत असतानाही जो मैदानावर जाऊन सरावाकडे लक्ष देतो, खेळाडूंची चौकशी करतो आणि मगच बोलतो, त्याचाच ‘थांबा’ किंवा ‘पुरे’ हा शब्द ऐकण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते.